पाच युनिटच्या आत

चौदा घरांच्या यादीत नववं घर आपल्या वडिलांचं आहे हे दीक्षाच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या तोंडात संत्र्याची फोड होती. ती तिनं चावलीही नाही आणि गिळलीही नाही. इमारत क, चौथा मजला, सदनिका चारशे सहा, आनंदराव सखाराम गजभिये. गेल्या बारा महिन्यांचा सरासरी वीजवापर, महिन्याला एक युनिट. शेरा: घर बंद असल्याचे गृहीत. टेबलापलीकडे दुर्गेश उभा होता. दोन वर्षांपूर्वी लागलेला, हुशार, नको तिथे हसणारा इंजिनिअर. यादी त्यानंच काढली होती आणि आता शाबासकीची वाट पाहत होता. दीक्षाचं सासरचं आडनाव मेश्राम, त्यामुळे गजभिये या आडनावावर त्याचं बोट एकदाही अडखळलं नव्हतं. "मॅडम, परफेक्ट चौदा निघाले. उद्या एका दिवसात पंचनामे होऊन जातील," तो म्हणाला. दीक्षानं मान हलवली आणि फोड कशीबशी गिळली.

चौदा का परफेक्ट, ते सांगायला हवं. देशात घरं कमी आहेत, असं जो तो म्हणतो. लाखांचे आकडे फेकतो, नवीन बांधकामाच्या गोष्टी करतो आणि जेवायला जातो. दीक्षाचं म्हणणं वेगळं होतं. घरं कमी नाहीत, उघडी घरं कमी आहेत. हे तिनं अकरा पानांच्या टिपणात लिहिलं होतं. घर भाड्यानं द्यायला घाबरणाऱ्या मालकाला सरकारनं हमी द्यावी, बस डेपोंच्या मोकळ्या जागेवर घरं बांधावीत, पडून असलेले सरकारी क्वार्टर दुरुस्त करून वापरात आणावेत, असं बरंच काही त्यात होतं. पण गृहनिर्माण खात्यातल्या तिच्या साहेबांना आवडला तो पहिलाच मुद्दा. सरकारी योजनेत मिळालेलं घर वर्षभर बंद असेल तर ते परत घ्यावं आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला द्यावं. बंद आहे हे ओळखायचं कसं? मीटरवरून. महिन्याला पाच युनिटच्या आत वापर म्हणजे आत माणूस नाही. "शेजारी खोटं बोलेल, मालक खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही," हे वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर एकदा मोठ्यानं वाचूनही पाहिलं होतं. आता हिवाळी अधिवेशन दहा दिवसांवर आलं होतं. अर्धं मंत्रालय नागपुरात उतरलं की तिची फाइल वर जाणार होती, आणि तिच्यासोबत एका योजनेत करून दाखवलेला प्रयोगही. चौदा बंद घरं, चौदा नवे लोक. त्या चौदाव्या जागेवर पंचफुलाचं नाव होतं. ही पंचफुला त्याच ऑफिसात चहा करायची. टिनाच्या एका खोलीत दोन मुलींना घेऊन राहायची. सकाळी कप ठेवताना रोज विचारायची, "माझा नंबर कुठवर आला, मॅडम?" यादीतली एक ओळ खोडली की घरं तेरा होणार होती. मग गळणार कोण, ते सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

ती जिन्यात गेली आणि वडिलांना फोन लावला. रोज संध्याकाळी आठला तेच फोन करत. जेवलो, औषध घेतलं, पंखा लावून बसलो, ठेवतो. एवढं बोलणं तीन वर्षं चाललं होतं. त्यांच्या आवाजामागे एक घरघर असायची. मागच्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "थंडीत पंखा काहून लावता?" ते म्हणाले होते, मच्छर लय आहे. तिला ते पटलं होतं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला काहीही पटतं. आता भर दुपारी पलीकडून "बोल वं" असा आवाज आला आणि त्यामागे तीच घरघर. जिन्यातल्या थंड भिंतीला पाठ टेकून दीक्षानं या वेळी शब्द ऐकले नाहीत, फक्त ती घरघर ऐकली. हा पंखा नव्हता. या आवाजात ती जन्मली होती.

खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, क्वार्टरच्या दोन खोल्यांत, तो आवाज रात्रंदिवस असे. भांड्यांत असे, गादीत असे, परीक्षेच्या अभ्यासात असे. कोणी पाहुणा आला की विचारी, हे काय वाजून राहिलं? घरातले सगळे एकमेकांकडे पाहत, कारण त्यांना काहीच ऐकू येत नसे. ऐकू येई ते फक्त बंद पडल्यावर. वीजनिर्मितीचा संच ठप्प झाला की सगळ्या वसाहतीत एकदम शांतता पसरे आणि त्या शांततेनं माणसं जागी होत. आई अंथरुणात उठून बसे आणि म्हणे, "बंद पडलं वाटते." वडील ड्यूटीवर असले तर ती पुन्हा आवाज येईपर्यंत तशीच बसून राही. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, हे दीक्षा अक्षरं शिकायच्या आधी शिकली होती. आणि शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला, आउटर रिंग रोडपलीकडे, चौथ्या मजल्यावर आपल्या बापाला ठेवून ती तीन वर्षं त्यांच्या फोनमधून खापरखेडा ऐकत होती, आणि तिला ते कळलं नव्हतं. तुम्ही तिथे काय करता, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ती म्हणाली, "उद्या अकराला फ्लॅटवर तपासणी आहे. दहाच्या आत पोहोचा. दिवे लावा, भांडी मांडून ठेवा. कोणी विचारलं तर इथंच राहतो म्हणा." ते म्हणाले, "कोण येऊन राहिलं तपासणीले?" "मीच." "बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. दीक्षा जिना चढून वर आली तेव्हा तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवलेला होता आणि त्यावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दुर्गेशची टकळी चालू होती. कुठल्या चौकात बंदोबस्त, कुठल्या रस्त्याला आता डांबर दिसणार, आमदार निवासात कोणाला कुठली खोली. दीक्षा हं हं करत होती. रात्री तिला झोप लागली नव्हती आणि जे आठवायचं नाही तेच आठवत राहिलं होतं. आई गेली त्याच वर्षी वडील रिटायर झाले. क्वार्टर सोडायची तारीख आली तसे ते एक ट्रंक घेऊन तिच्याकडे मानेवाड्याला आले. दोन खोल्या, हॉल, सासू, सासरे, नवरा प्रीतम, मुलगा. वडिलांची गादी हॉलमध्ये. आठ महिने. कोणी वावगं एक अक्षर बोललं नाही, हेच तर वाईट झालं. सासूबाई टीव्ही लवकर बंद करू लागल्या. प्रीतम ऑफिसातून उशिरा येऊ लागला. वडील बाथरूमला जायच्या आधी "जाऊ का?" म्हणून विचारू लागले. ज्या माणसाच्या हाताखाली बॉयलर चालायचे तो माणूस आंघोळीला परवानगी मागायचा आणि दीक्षा पोळ्या लाटता लाटता "जा ना" म्हणायची. मग तिनंच त्यांच्या नावानं अर्ज भरला, सोडतीत घर लागलं, आणि निकालाच्या दिवशी ती ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडली. आनंदानं रडली असं तिनं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती सुटली होती, म्हणून रडली होती. घर देऊन तिनं बापाला घराबाहेर काढलं होतं. हे वाक्य इतकं सरळ तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आता जीप खड्ड्यातून आदळत असताना आलं, आणि आल्यावर जाईना.

आणि खोटं बोलायला कोणाला सांगितलं होतं? नववीत असताना तिला वडिलांनी एकदा केंद्रात नेलं होतं. मोठ्या खोलीत भिंतभर काटे, आणि वडील दर तासाला त्यांच्यासमोर उभे राहून तक्त्यात आकडे लिहीत. एका साहेबानं एकदा काटा जरा कमी दाखवून लिहायला सांगितलं म्हणून त्यांनी मेमो घेतला, पण लिहिलं नाही. "काटा दिसते तिथंच लिहायचं. आपल्या मनातलं नाई लिहायचं," असं त्यांनी तिला तिथेच शिकवलं होतं, आणि तिनं शाळेत त्यावर निबंधही लिहिला होता. काल दुपारी मात्र त्यांनी एकदाच विचारलं आणि "बरं" म्हटलं. हा "बरं" तिला मेमोपेक्षा जास्त लागला होता.

पहिली आठ घरं सोपी गेली. नियम तिचेच होते. दार तीनदा वाजवायचं, दहा मिनिटं थांबायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या, कुलपावर कागद चिकटवायचा. एका दारावर दोन वर्षांपूर्वीचं तोरण सुकून दोरा झालं होतं. एका घराचा मालक पुण्याला मुलाकडे. एका बाईनं सांगितलं, दिवाळीले येतात, झाडूझुडू करतात, दिवा लावून चालले जातात. फॉर्मवर अकरावा रकाना होता: मालक सध्या कुठे राहतात? अ, स्वतःच्या दुसऱ्या घरात. ब, मुलांकडे. क, परगावी. तिन्हींपैकी एकही नसेल तर घर काढायचं नाही, आधी सुनावणी घ्यायची, असंही तिनं टिपणात घातलं होतं. साहेब हसले होते. ज्याच्याजवळ घर आहे तो माणूस उघड्यावर कशाला झोपेल, मेश्राम मॅडम? दीक्षालाही ते पटलं होतं, पण वाक्य राहू दिलं, कारण वाक्य चांगलं होतं. आठही घरांचा अकरावा रकाना पटापट भरला गेला. मग दुर्गेश म्हणाला, "आता क इमारत, चारशे सहा," आणि दीक्षा जिन्यावर त्याच्या मागे राहिली. तिसऱ्या मजल्यावर तिला दम लागला. लिफ्ट होती, पण सुरू कधी झालीच नव्हती. या जिन्यानं आपण किती वेळा आलो, याचा ती हिशेब करू लागली आणि पाचावर थांबली. दार उघडलं नाही तर बरं, असं तिला वाटलं. बस चुकली असावी, ते आलेच नसावेत, कुलूप असावं आणि आपण दुसरीकडे पाहत उभं राहावं.

दुर्गेशनं दार वाजवायला हात उचलला आणि दार आतूनच उघडलं. आनंदराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, घरात बूट घालून उभे होते. मुख्यालयाची तपासणी आली की केंद्रात असेच उभे राहत. दाढी गुळगुळीत, डोक्याला तेल. त्यांच्यामागे घरातला प्रत्येक दिवा जळत होता. हॉलमधला, स्वयंपाकघरातला, गॅलरीतला, संडासातला. बाहेर डोळे दिपतील असं ऊन आणि आत सगळे दिवे. फरशी पुसून इतकी लख्ख केली होती की तिच्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. ओट्यावर चार ताटं, चार वाट्या, चार पेले ओळीनं मांडलेले, आणि पेल्यांवर दुकानाची लेबलं तशीच. कोपऱ्यात मटका नवा, अजून पाण्याचा डाग न धरलेला. तपासणी म्हटल्यावर त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. सगळं पुसलं होतं, सगळं चालू केलं होतं. या घरात कोणी राहत नाही, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. "या साहेब," ते दुर्गेशला म्हणाले. मग दीक्षाकडे वळून, नजर तिच्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "या मॅडम. पाणी घ्या."

मॅडम हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हे तिनं सांगितलेलं नव्हतं. हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, बसमध्ये किंवा फरशी पुसताना. आपल्या पोरीची नोकरी आहे, ओळख दाखवायची नाही. तिनं पेला घेतला. लेबलावर बोट आलं. दुर्गेश दाराबाहेर जाऊन मीटर पाहून आला, त्यानं कागदावरचा आकडा पाहिला, पुन्हा घराकडे पाहिलं आणि त्याचं ते नको तिथलं हसू आलं. तो वाईट पोरगा नव्हता. त्यानं आवाज मऊ करून विचारलं, "काका, किती दिवसापासून राहून राहिले इथं?" आनंदरावांनी दीक्षाकडे पाहिलं. पाठ केलेलं उत्तर ऐन वेळी विसरलेला मुलगा जसा मास्तरकडे पाहतो तसं. त्यांची मान थोडी हलत होती. तोंड उघडलं, मिटलं. एवढ्या वर्षांत न शिकलेली गोष्ट एका रात्रीत येत नाही. "मी इथं..." ते म्हणाले, आणि पुन्हा, "इथंच..."

"हे माझे वडील आहेत," दीक्षा म्हणाली. "ते इथं राहत नाहीत. काल मीच त्यांना बोलावलं. पंचनामा करा, घर बंद लिहा." दुर्गेशच्या हातातला पॅड खाली आला. त्यानं एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. "मी शेजारच्यांना बोलावून आणतो, सह्या लागतीलच," असं म्हणून तो जवळजवळ पळाला. दीक्षाला हलकं वाटलं. खरं बोललं की कसं मोकळं वाटतं, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याचा तिला थोडा अभिमानही वाटला. आनंदराव हळूच खाली फरशीवर बसले. बूट काढले. "झालं ते बरं झालं," ते म्हणाले. "माह्यानं होत नव्हतं." ती त्यांच्यासमोर बसली. किती तरी दिवसांनी दोघं अशी समोरासमोर बसली होती. "काहून नाही राहिलात इथं?" तिनं विचारलं. "राहिलो ना. सव्वा महिना राहिलो. दार लावलं का कायचाच आवाज नाई. झोप नाई लागे. वाटे, बंद पडलं काहीतरी, उठून पाहा लागते. उठून कुठं पाहू?" ते थोडे हसले. "तुले सांगनार होतो. पन तू किती मेहनत केली याच्यासाठी." मग तिनं तो प्रश्न विचारला, जो काल जिन्यात विचारला नव्हता. "मग झोपता कुठं?" त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली, जी नव्हती. "खापरखेड्याले, आपल्या वसाहतीतल्या विहाराच्या हॉलमधी. चांगलं आहे. सकाळी सातले पोरं येतात शिकाले, त्याच्या आत चटई गुंडाळतो. जेवन बायजाबाई देते." बायजाबाई म्हणजे आईची मैत्रीण, नवऱ्याच्या पाठोपाठ नोकरीला लागलेला मुलगा असल्यामुळे अजून क्वार्टरमध्ये असलेली. "तीन वर्षं?" दीक्षा म्हणाली. "पावसाळ्यात जरा गळते," ते म्हणाले, "पन कोपरा बदलला का होते." दीक्षाच्या डोक्यात, तिच्या मनाविरुद्ध, टिपणाचं सहावं पान उघडलं. बंद घरांच्या आकड्यात हा माणूस एकदा मोजला गेला होता, आणि बेघरांच्या आकड्यात कधीच नाही. तो दोन्हीकडे होता आणि तिच्या अकरा पानांत कुठेच नव्हता.

"हे घर मंग कोनाले जाते?" त्यांनी विचारलं. "पंचफुला म्हणून आहे. ऑफिसात चहा करते. दोन मुली आहेत तिला." "मंग तं बरंच आहे," ते म्हणाले. "पोरींना अभ्यासाले शांत लागते." ते उठले आणि सगळ्या खोल्यांतून जाऊन पंखे नीट बंद आहेत का, नळ टपकतो का, पाहून आले. तेवढ्यात दुर्गेश दोन शेजाऱ्यांना घेऊन आला. बनियनवरचा एक माणूस आणि डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेली एक बाई. दोघांनीही सांगितलं, या काकांना आजच पाहिलं. दुर्गेश उभ्यानंच फॉर्म भरू लागला. मान वर न करता, घाईघाईनं, मालकाचं नाव, मीटर क्रमांक, सामान किरकोळ. मग त्याचं पेन अकराव्या रकान्याशी थांबलं. "मॅडम, सध्या कुठे राहतात? अ, ब, का क?"

त्या तिन्हींपैकी एकही नाही, हे सांगायचं होतं. तेवढंच. मग सुनावणी लागली असती, घर त्यांचं राहिलं असतं, चौदाची तेरा झाली असती. साहेबांनी विचारलं असतं की हे गजभिये कोण, आणि सगळ्या ऑफिसला कळलं असतं की धोरण लिहिणाऱ्या बाईचा बाप हॉलमध्ये चटई टाकून झोपतो. किंवा दुसरं एक सांगायचं होतं, याहून सोपं. आजच चला माझ्याकडे. तिच्या डोळ्यांपुढे हॉल आला, सोफा, गादी घालायची जागा, टीव्हीचा रिमोट हातात धरून बसलेल्या सासूबाई. तिनं ओठ उघडले. एवढ्यात आनंदराव पुढे झाले. या वेळी त्यांची मान हलली नाही, तोंड अडखळलं नाही. आवाज अगदी कंट्रोल रूममधला. "ब लिहा साहेब," ते म्हणाले. "मुलीकडं राहतो मी. ते कधीची म्हनत होती, इकडं काहून एकटे राहता म्हनून."

दुर्गेशनं सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे मॅडम, तुमच्याचकडे. मंग काहीच प्रॉब्लेम नाही, सुनावणीचं लफडं नाही." पेन अजून कागदावर टेकलं नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईनंही पाहिलं, आणि कौतुकानं पाहिलं. आनंदराव मात्र तिच्याकडे पाहत नव्हते. ते पेनाच्या टोकाकडे पाहत होते. घर इतकं शांत होतं की दीक्षाला आपल्या गळ्यातली शीर ऐकू येत होती, आणि आता काहीतरी बिघडलं आहे, उठून पाहायला हवं, असं तिला आत खोल कुठेतरी वाटत होतं. ती उठली नाही. ती काही बोललीच नाही. दुर्गेशनं ब वर खूण केली. आनंदरावांनी वाकून ती नीट वाचली. "बरोबर आहे," ते म्हणाले, बूट घातले, आणि साडेबाराची बस आहे असं कोणालाच उद्देशून न सांगता जिना उतरू लागले. शेजारच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, आणि सगळ्यांत खाली, जिथे तपासणी अधिकारी असं छापलं होतं, तिथे दीक्षानं आपली पूर्ण सही केली.